वाट बंद करू नका, तुकडी लहान करा

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), मध्य प्रदेश, वन भवन, भोपाळ
आणि
मध्य प्रदेश इको-पर्यटन विकास मंडळाचे पदाधिकारी, भोपाळ

महोदय,



2 डिसेंबर 2024 रोजी रातापानी अभयारण्य हा राज्याचा आठवा व्याघ्र प्रकल्प झाला. तत्त्वतः मान्यता 2008 मध्येच मिळाली होती; अधिसूचना निघायला सोळा वर्षे गेली. गाभा क्षेत्र सुमारे 763 चौरस किलोमीटर, बफर सुमारे 507, आणि हे सगळे जंगल रायसेन व सीहोर जिल्ह्यांत, राजधानीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर. पुढे काही दिवसांतच प्रकल्पाला डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचे नाव दिले गेले, याचा इथल्या मराठी माणसाला मनापासून आनंद झाला. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेल्या या संशोधकाला रेल्वेने जाताना खिडकीतून दूरवरचे खडक दिसले, ते पाहायला ते पायी गेले आणि 1957 मध्ये भीमबेटकाची शैलचित्रे अभ्यासकांपुढे आली. 2003 पासून ते ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. वाकणकरांच्या नावाच्या या जंगलात यापुढे पायी चालायला जागा राहील का, आणि राहिली तर कोणत्या अटींवर, एवढ्याच प्रश्नासाठी हे पत्र आहे. ते मराठीत लिहिण्याचे कारण असे की विंध्य-सातपुड्याच्या वाटा तुडवणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ आहेत, आणि शेजारच्या सह्याद्रीने या बाबतीत जे भोगले आणि जे शिकले ते आपल्या राज्याला आयते मिळण्यासारखे आहे.

भोपाळहून शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्या गटांची रीत आता ठरून गेली आहे. जाहिरात मोबाइलवर, पैसे मोबाइलवर, आणि लीडरशी पहिली भेट बसच्या दाराशी. एका बसमध्ये चाळीस-पन्नास जण. कधी कठौतियाचे शैलाश्रय, कधी गिन्नौरगढचा परिसर, पावसाळ्यात बुधनीकडचा दिगंबर किंवा शाहगंजजवळचा अमरगढचा धबधबा, आणि जोडून सुटी आली की नर्मदा ओलांडून पचमढी. जाणाऱ्यांत कॉलेजची मुले आहेत, बँकेत आणि आयटीत काम करणारी तरुण मंडळी आहेत, चाळिशीनंतर पहिल्यांदा पाठीवर सॅक घेणाऱ्या बायका आहेत. आठवडाभर खुर्चीला खिळलेल्या माणसाला घाम गाळून एखादा कडा चढावासा वाटतो, ही शहराच्या तब्येतीची चांगली खूण आहे. ती हौस दाबू नये. पण ती आज ज्या आकाराच्या गटांतून भागवली जाते तो आकार या वाटांना पेलणारा नाही, आणि माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. धोका आणि नासाडी या दोन्हींचे मूळ चालण्यात नसून पन्नासजणांनी एकदम चालण्यात आहे. म्हणून नियम करायचा तर तो तुकडीच्या आकाराचा करावा.

यात नवीन काही नाही. चाकांवरून येणाऱ्या पर्यटकासाठी आपल्या विभागाने हा विचार केव्हाच केला आहे. सफारीच्या एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत गाइड सक्तीचा, मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, आणि एका फेरीत किती गाड्या सोडायच्या याचीही मर्यादा. सातवा माणूस बसवला तर फाटकावरच अडवतात, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. गाडीतला माणूस सुरक्षित बसलेला असतो, तरी त्याला मोजतात. कड्याच्या कडेने, आपल्या पायांवर तोल सांभाळत जाणाऱ्या माणसाला मात्र बहुतेक वाटांवर कोणीच मोजत नाही. तो एकतर पूर्णपणे अडवलेला असतो, नाहीतर पूर्णपणे मोकळा.

मोठ्या गटात नेमके काय बिघडते ते पाहू. डोंगरातली वाट एका माणसापुरती असते. पन्नासजण दोन-दोन मीटर अंतर ठेवून चालले तरी रांग शंभर मीटरची होते, आणि अर्ध्या तासात धापा टाकणारे मागे पडून ती चारशे-पाचशे मीटर लांबते. पुढचा लीडर सोंडेवर पोचलेला असतो तेव्हा शेवटचे पाचजण अजून नाल्यात असतात. मध्ये जिथे वाट फुटते तिथे उभे राहायला माणूस नसतो, आणि वाट चुकणारे नेहमी तिथेच चुकतात. मग एखादा कातळटप्पा येतो, जिथे हातांचा आधार घेऊन एकेकालाच चढता येते. प्रत्येकाला दोन मिनिटे धरली तर बाराजणांना चोवीस मिनिटे लागतात आणि पन्नासजणांना एक तास चाळीस मिनिटे. येताना पुन्हा तेवढीच. म्हणजे एकाच टप्प्यावर दिवसाचे तीन तास वीस मिनिटे गेली. डिसेंबरात भोपाळकडे सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. सकाळी आठला चालायला लागलेला मोठा गट अंधारात उतरताना दिसतो तेव्हा त्यात कोणाचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. साधा हिशेब चुकलेला असतो. अंधारात, दमलेल्या पायांनी, मोबाइलच्या उजेडात उतरणे हा डोंगरातल्या अपघातांचा नेहमीचा रस्ता आहे.

त्यातून आपले डोंगर सह्याद्रीसारखे नाहीत, हे महाराष्ट्रातून येणाऱ्या गटांनीही ध्यानात घ्यावे. सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा. विंध्यातला आणि पचमढीचा वालुकाश्म. कोरडा असताना तो बुटाला चांगला धरतो, पण त्याचे थर आडवे असतात आणि कडेचा थर खालून पोखरलेला असू शकतो; वरून अखंड दिसणारी शिळा पाय देताच करकरते. पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा काळसर पातळ थर धरतो, जो पाण्याच्या ओलीपासून डोळ्याला वेगळा ओळखू येत नाही. हिवाळ्यात दुसरेच संकट. सागाची पाने गळू लागतात. ताटाएवढे एकेक पान, वाळून पापडासारखे कडक, आणि त्यांचा घोट्याएवढा थर उतारावर पसरलेला. त्याखाली दगड आहे, मुळी आहे की खड्डा, हे कळत नाही, आणि पानावर पान सरकते तसा पाय सरकतो. अशा उतारावर प्रत्येकाने पुढच्याच्या पावलाकडे बघत जायचे असते. दहा-बाराजणांची रांग असेल तर पुढच्याने ‘इथे मोकळा दगड आहे’ म्हटलेले शेवटच्यापर्यंत पोचते. पन्नासांच्या रांगेत ते चौथ्या-पाचव्या माणसाशी विरते. शिवाय वालुकाश्माच्या पुढे आलेल्या छतांखाली आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा, स्पीकर, दगडफेक, यांपैकी काहीही एक त्यांना पुरते. ज्या शैलाश्रयांत हजारो वर्षांपूर्वीची चित्रे आहेत तीच सावली मोठ्या गटाला जेवायला सोयीची वाटते. तिथे पेटवलेल्या चुलीची काजळी चित्रावर बसली की ती पुसताना चित्रही पुसले जाते.

वाटेचे काय होते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. वाटेवर चिखलाचा हातभर तुकडा असला की पहिले दोघे त्यातून जातात, तिसरा कडेने जातो, दहावा त्याच्याही कडेने. तीसएक माणसे गेली की एका पावलाची वाट दोन हात रुंद होते. कडेचे गवत दबून मरते, मुळ्या उघड्या पडतात, आणि पुढच्या पावसात पाणी त्या रुंद पट्ट्यालाच आपला नाला करून घेते. वाट दगडांनी भरते, मग लोक तिच्या शेजारून नवी वाट पाडतात. सह्याद्रीतल्या गर्दीच्या गडांवर हे उघड्या डोळ्यांना दिसते: एकाच सोंडेवर चार-चार समांतर ओघळ. रातापानीत आज ते फारसे नाही. ते होण्याआधी नियम करण्याची संधी आपल्याला आहे.

तुकडीत चालणारे बाराच असावेत, हा आकडा मी का धरतो, हे सांगायला हवे, कारण तो हवेतून काढलेला नाही. डोंगरात कोणाचा घोटा मोडला किंवा पाय मुरगळून चालणे अशक्य झाले, तर जिथे रुग्णवाहिका येऊ शकते त्या रस्त्यापर्यंत त्याला माणसांनीच आणावे लागते. दोरी आणि काठ्यांची झोळी खडबडीत वाटेवर वाहायला एका वेळी सहाजण लागतात, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी ते बदलावे लागतात. म्हणजे सहा अधिक सहा. एकजण पुढे वाट साफ करायला, आणि फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते म्हणून एकजण मदत आणायला पळणारा. बारा चालणारे, पुढे एक लीडर, मागे एक लीडर आणि स्थानिक वाटाड्या, अशी पंधराजणांची तुकडी आपला जखमी माणूस आपण बाहेर काढू शकते. चौघांच्या तुकडीला ते जमत नाही. पन्नासांच्या गटात माणसे भरपूर असतात, पण त्यांतल्या निम्म्यांना त्याच वेळी उरलेल्यांना सांभाळत खाली उतरवावे लागते आणि लीडर दोनच असतात.

गटाचा आकार आणि आपत्ती यांचा संबंध किती भयंकर असू शकतो हे देशाने 11 मार्च 2018 च्या रविवारी पाहिले. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात शनिवार-रविवारचा ट्रेक करायला आलेले दोन गट, मिळून पस्तीसच्या वर माणसे, परतीच्या वाटेवर वणव्यात सापडली. 23 जणांचा जीव गेला. आग गटाच्या आकारामुळे लागली नव्हती, हे उघड आहे. पण मार्च महिन्यात वाळलेल्या गवताच्या उतारावर, बहुतांशी नवख्या अशा इतक्या माणसांना एका दिशेने हलवणे कोणाला जमले नाही. माणसे घाबरून पांगली, काही दरीत पडली. परवानगी कोणत्या वाटेची होती आणि माणसे कोणत्या वाटेने गेली, यावर नंतर वाद झाला. त्यानंतर तमिळनाडूने जे केले ते महत्त्वाचे आहे. आधी ट्रेकिंग थांबवले, त्याच वर्षी ट्रेकिंगचे नियम केले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये वन विभागानेच ठरवून दिलेल्या चाळीस वाटा खुल्या केल्या: नोंदणी आधी, सोबत प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक. सहा वर्षांनी ते राज्य ज्या ठिकाणी पोचले तिथून मध्य प्रदेशाने सुरुवात करावी. मध्ये 23 जीव जाण्याची वाट पाहू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो विभागातूनच येईल, की एवढे करण्यापेक्षा बंदी सोपी. एक पाटी लावली, एक आदेश काढला, जबाबदारी संपली. पण बंदीने लोक थांबतात असा अनुभव नाही. बंदी असलेल्या धबधब्याकडे लोक नाका टाळून शेतांतून जातात, आणि मग आत किती गेले हे कोणालाच माहीत नसते. 15 ऑगस्ट 2018 रोजी शिवपुरीजवळच्या सुलतानगढ धबधब्यावर अचानक पाणी वाढले तेव्हा अनेकजण वाहून गेले आणि चाळीसच्या वर माणसे खडकावर अडकून पडली. त्या रात्री बचाव करणाऱ्यांपुढचा एक मोठा प्रश्न हाच होता की मुळात तिथे माणसे होती किती. नोंद असेल तर रात्री आठला कोण परतले नाही हे कळते. बंदीत नोंद नसते. शिवाय वेळेवर साधा नियम केला नाही तर पुढे न्यायालयाला कठोर नियम करावा लागतो, हेही आपण पाहिले आहे. उत्तराखंडात बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, तंबूंची गर्दी वर्षानुवर्षे वाढू दिली गेली. ऑगस्ट 2018 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीचा मुक्कामच बंद केला, आणि रूपकुंडसारखा जुना ट्रेक त्यात अडकला. 2012 मध्ये भोपाळच्याच एका कार्यकर्त्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन काही महिने थांबवले होते, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावरच ते सुरू झाले. त्या धक्क्याची आठवण या वन भवनात अजून ताजी असेल.

दुसरा उपाय सुचवला जातो तो दिवसाच्या एकूण संख्येच्या मर्यादेचा. जानेवारी 2024 च्या अखेरच्या सुटीत कर्नाटकात कुमार पर्वतावर हजारोंची गर्दी उसळली, आणि त्यानंतर तिथल्या वन विभागाने आधी नोंदणीची सक्ती करून दिवसाची संख्या बांधून दिली. ते चांगलेच झाले. पण एकूण संख्या बांधणे पुरेसे नाही. तीनशे माणसे सहा बसमधून एकाच पहाटे उतरली तर कातळटप्प्यावरची रांग तशीच राहते. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर खोळंबून राहतात, ते दिवसभरातल्या संख्येपेक्षा एका तासातल्या संख्येमुळे. माणसे पंधरा-पंधराच्या तुकड्यांत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने सोडली तर तीच वाट मोकळी वाटते. एक तुकडी दुसरीला दिसतही नाही, आणि जंगलात आल्याचे समाधान मिळते ते वेगळेच.

तिसरा आक्षेप माझ्या स्वतःच्या जातकुळीतून येईल, म्हणजे ट्रेकिंग करणाऱ्यांकडून. नियम आले की परवाने येतात, परवाने आले की खेटे येतात, आणि पदरचे पैसे घालून वाटा दाखवणारी छोटी मंडळे बंद पडून मोठ्या कंपन्या उरतात. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण महाराष्ट्रात तो खरा ठरता ठरता राहिला. ट्रेकिंग शिबिरात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून 2014 मध्ये साहसी उपक्रमांसाठी पहिला शासन निर्णय निघाला, आणि त्यातल्या अटी पाहून गिर्यारोहण संस्थाच विरोधात उभ्या राहिल्या. 2018 मध्ये सुधारित निर्णय आला, त्यावरही नाराजी होती, आणि शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आले ज्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था आहे. सात वर्षे गेली, कारण आधीच्या प्रयत्नात कागदांवर भर होता. कोणती प्रमाणपत्रे, किती पानांचा आराखडा, कोणत्या समितीची तपासणी. कागद तपासायला जाणकार अधिकारी लागतो, आणि तो नाक्यावर नसतो. तुकडीच्या आकाराचा नियम मात्र पहाटे सहाला फाटकावर एकट्या उभ्या असलेल्या वनरक्षकालाही पाळून घेता येतो. त्याला पंधरापर्यंत मोजता आले की झाले. सोळावा माणूस पुढच्या तुकडीत. ना लाच द्यायला जागा, ना अर्थ लावायला. लीडरची नोंदणी असावी, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण असावे, हे मलाही मान्य आहे, पण ते पुढच्या टप्प्यात, बिनशुल्क आणि एका पानाचे असावे. दोघे-तिघे मित्र आपल्या जबाबदारीवर परवानगीच्या वाटेने जाऊ इच्छितात, त्यांनी नाव लिहून जावे. हा नियम पैसे घेऊन गट नेणाऱ्यांसाठी आहे.

आता वाघाबद्दल. वाघाच्या जंगलात माणसांना पायी सोडणे बेजबाबदारपणाचे आहे, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मार्गदर्शकासोबत पायी फिरण्याची सोय आपल्याच विभागाने कशी केली. 2022 च्या गणनेत 785 वाघ असलेल्या या राज्याची ती ओळख आहे. देशातल्या बहुतेक प्रकल्पांत जे मिळत नाही ते तिथे मिळते. आणि रातापानीतली गावे तर रोज पायीच चालतात: मोहाची फुले, तेंदूपाने, चारोळी, जळण. धोका आहेच. वाघापेक्षाही मला अस्वलाची काळजी अधिक वाटते, कारण अचानक समोरासमोर आलेले अस्वल वाट सोडत नाही, अंगावर येते. पण या धोक्याचे उत्तर वेळेत आणि माणसात आहे. उजाडल्यावर तासाभराने आत जायचे, मावळतीच्या दोन तास आधी बाहेर यायचे, मोह टपकण्याच्या दिवसांत पहाटेची वाट धरायचीच नाही, आणि पुढे असा माणूस ज्याला सांबराची आणि माकडाची हाक कशाची आहे हे कळते. असा माणूस गोंड आणि कोरकू वस्त्यांत आहे. पंधरांच्या तुकडीला तो सांभाळतो. पन्नासांच्या गटात मागचा माणूस झुडपाआड गेलेला त्याला कळतही नाही. गाभ्यात नव्या वाटा मागण्याचा माझा हेतू नाही. बफर आणि त्याबाहेरचे वनक्षेत्र पुरेसे मोठे आहे.

कोणी नागद्वारीचे उदाहरण देईल. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस पचमढीच्या त्या दऱ्याखोऱ्यांतून लाखो भाविक चालतात, त्यांत विदर्भातून आलेली मराठी माणसे फार मोठ्या संख्येने असतात, पुष्कळजण अनवाणी, भर पावसात, काजरीवरून पद्मशेषाच्या गुहेपर्यंत. वर्षभर बंद असलेली ती वाट त्या दिवसांपुरती उघडते. लाखो माणसे जाऊ शकतात, मग पन्नासांना का अडवायचे? पण त्या दहा दिवसांसाठी काय उभे राहते ते पाहा. जिल्हा प्रशासन हलते, पोलीस आणि आपत्ती दल वाटेवर उभे असते, आरोग्य पथके असतात, शिड्या आणि दोर बसवले जातात, आणि विदर्भातली सेवा मंडळे ठिकठिकाणी भाकरी, खिचडी आणि निवारा देतात. मोठी गर्दी अवघड वाटेवर सुखरूप नेण्याची किंमत ही एवढी असते. नागद्वारी ती किंमत श्रद्धेपोटी वर्षातून एकदा मोजते. साध्या रविवारी अमरगढच्या वाटेवर ती कोण मोजणार?

पैशाचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळणार नाही. तुकडी लहान झाली की माणशी खर्च वाढेल. बसचे भाडे पन्नासांत वाटले जाते तसे बारांत वाटले जाणार नाही, वाटाड्याची मजुरीही बारांतच वाटावी लागेल. विद्यार्थ्याला ते जड जाईल. पण बस पन्नासांची असायला माझी हरकत नाही. पायथ्याशी तिच्या चार तुकड्या कराव्यात, अर्ध्या तासाच्या अंतराने निघाव्यात, किंवा दोन वेगळ्या वाटांना लावाव्यात. वाढेल तो लीडर आणि वाटाड्यांचा खर्च, आणि तो वाढलाच पाहिजे, कारण आजची स्वस्ताई त्यांच्याच खर्चातून काढलेली आहे. तो पैसा गावात उतरेल. आज रविवारच्या बसमधून गावाला काय मिळते? नाल्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि संध्याकाळी हॉर्न. ज्या गावच्या आठ-दहा तरुणांना हिवाळ्याचे चार महिने वाटेवरून मजुरी मिळते त्या गावाला ती वाट साफ ठेवण्यात आणि वणवा दिसताच खबर देण्यात आपला फायदा दिसतो. कॉलेजांच्या सहलींसाठी सोमवार ते शुक्रवार शुल्क निम्मे केले तर विद्यार्थ्यांचा प्रश्नही बराचसा सुटेल आणि रविवारचा ताणही वाटला जाईल.

अधिकाराचा प्रश्न येत असेल तर तो आपल्याकडे आहेच. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 28 खाली पर्यटनासाठी प्रवेशाचा परवाना देता येतो, आणि परवान्यासोबत अट घालता येते. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या जंगलासाठी राज्याने 2015 मध्ये मनोरंजन आणि वन्यप्राणी अनुभव क्षेत्रांचे नियम केले आहेत. कठौतियासारख्या ठिकाणांना ते लागू करता येतात. नवा कायदा नको, परिपत्रक पुरे. इको-पर्यटन मंडळ 2005 पासून काम करते आहे, त्याच्याकडे देलावाडी आणि समरधासारखी जंगल कॅम्पची ठिकाणे चालवण्याचा अनुभव आहे. म्हणून विनंती मर्यादित ठेवतो. येत्या हिवाळ्यासाठी तीन वाटा निवडाव्यात: एक कठौतियाची, एक देलावाडीच्या बाजूने गिन्नौरगढकडे कायद्यात बसेल तेवढी, आणि एक पचमढीची. वणव्याचा मोसम 15 फेब्रुवारीला सुरू होतो, तेव्हा नोव्हेंबरपासून तोपर्यंतच त्या खुल्या ठेवाव्यात. पावसाळ्यात नाला ओलांडावा लागेल अशी एकही वाट उघडू नये. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक वही ठेवावी, तीत जाणाऱ्यांची नावे, निघण्याची वेळ आणि परतीची वेळ असावी, आणि संध्याकाळी शेवटची तुकडी परतल्यावर वनरक्षकाने खाली सही करावी. परतीच्या रकान्यात एखादी जागा रिकामी राहिली तर त्याच रात्री कोणाला फोन करायचा, त्या माणसाचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

गिन्नौरगढच्या राजा निजामशाहाची राणी कमलापती. तिच्या नावाच्या स्थानकावरून शुक्रवारी संध्याकाळी पचमढीसाठी पिपरियाकडे निघणारी तरुण मुले पाठीवरच्या सॅकांवरून ओळखू येतात. ती पुढच्या शुक्रवारीही निघणार आहेत. त्यांना कोणत्या वाटेने, कितीजणांनी आणि कोणासोबत जायचे हे सांगणारे परिपत्रक नोव्हेंबरच्या आत निघावे, एवढे मागणे आहे.

कळावे.

आपला,
भोपाळमधील एक मराठी नागरिक